नवी ट्यूब घेण्याआधी निळ्या मोजा

माझ्याकडे अकरा निघाल्या. जलरंगाच्या, सगळ्या निळ्या. मी रविवारी चित्रं काढते, आणि दर रविवारीही नाही.

तुमचंही कपाट असंच भरलं असेल तर एक दुपार मोकळी ठेवा आणि सगळं जमिनीवर मांडा. कंपनीप्रमाणे नको, रंगाप्रमाणे. मग भिंग घेऊन प्रत्येक ट्यूबवरचा बारीक छापलेला पिगमेंट कोड वाचा. नाव दुकानात ओढून नेतं. आत काय आहे ते कोड सांगतो. माझ्याकडच्या अल्ट्रामरीन, फ्रेंच अल्ट्रामरीन, अल्ट्रामरीन डीप आणि नुसत्याच 'ब्लू' अशा चार ट्यूब निघाल्या पीबी (पिगमेंट ब्लू) २९, म्हणजे एकच रंगद्रव्य. तिघींवर पीबी १५, म्हणजे फ्थॅलो. दोन इंडिगो तर निळ्यात काळा घालून केलेलं मिश्रण, जे मी दोन मिनिटांत पॅलेटवर केलं असतं. उरल्या एक कोबाल्ट आणि एक सेरुलियन.

प्रत्येक रंगाचा एक चौकोन कागदावर लावा, शेजारी कोड लिहा. ट्यूबमध्ये वाळलेला जलरंग टाकू नका: ट्यूब कापून गोळा वडीसारखा ठेवा, पाण्याने पुन्हा जागा होतो. वाळलेलं अ‍ॅक्रिलिक मात्र गेलंच.

आता सात रंग बाहेर ठेवा. माझे: अल्ट्रामरीन, फ्थॅलो निळा, लेमन यलो, एक उबदार पिवळा, एक केशरीकडे झुकणारा लाल, क्विनॅक्रिडोन रोझ आणि बर्न्ट सिएना. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जे करडे रंग मिळतात, त्यानंतर करड्याची ट्यूब लागत नाही. बाकी सगळं खोक्यात, वर तारखेची चिठ्ठी. सात कमी वाटले तर स्वीडनचा चित्रकार अँडर्स झॉर्नच्या (१८६०–१९२०) नावाने ओळखली जाणारी पॅलेट आठवा: पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन, काळा. निळा नाहीच! व्हर्मिलियनशेजारी काळाच निळसर दिसतो. हे वाचलं तेव्हा मी अकरा ट्यूबांकडे बघायचं टाळलं.

पण खरी गोम रंगात नव्हती, कागदात होती. शंभर टक्के कॉटनचा, ३०० जीएसएमच्या जाड कागदांचा एक ब्लॉक मी 'चांगल्या चित्रासाठी' चार वर्षं जपला आणि सराव केला पातळ, स्वस्त कागदावर. त्यावर पाणी टिकत नाही, वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, अर्ध्यातच वाळतो आणि कडा उमटतात. मी दोष दिला ब्रशला. नवा ब्रश आणला. मग दोष रंगाला. नवी ट्यूब आणली. कागदाचा संशयच आला नाही, कारण चांगला कागद घरात होता ना! शेवटी तो ब्लॉक उघडला तर दमट हवेने त्याचं सायझिंग, म्हणजे पाणी रोखून धरणारा लेप, गेलेलं. रंग टीपकागदावर पडल्यासारखा शोषला जाऊन ठिपके पडले. म्हणून चांगला कागद आधी वापरा. त्याचे चार तुकडे करा, बिघडलेल्या चित्राच्या पाठीवर सराव करा, पण वापरा. सगळ्या सामानात खरोखर संपायला हवी अशी वस्तू हीच.

खरेदीसाठी माझा नियम एका काचेच्या बरणीत आहे. पिळून संपलेली ट्यूब तिच्यात जाते. जी बरणीत आहे तीच परत आणायची. सहा वर्षांत बरणीत आल्या तीन: दोन अल्ट्रामरीन, एक बर्न्ट सिएना. एखादा नवा रंग फारच खुणावला तर आधी सातांतून तो मिसळून बघते. बहुतेकदा जमतो. आणि रात्री अकरानंतर काही मागवत नाही. दिवसभर चित्राला बसायला जमलं नाही की त्याच वेळी हात शिवशिवतात.

खोक्यातलं वाटताना एक सांभाळा: लहान मुलांना द्यायच्या ट्यूबांतून कॅडमियम आणि कोबाल्ट या घातक धातूंवाल्या काढून घ्या. पीवाय ३५, पीआर १०८, पीबी २८ असे कोड असतात. सेरुलियनही त्यातलाच, पीबी ३५. माझ्या अकरा निळ्यांतल्या दोन तशा खोक्यातच राहिल्या, दोन पॅलेटवर, उरलेल्या सात भाचीला दिल्या. तिने पहिल्याच दुपारी एक अख्खी संपवली. समुद्र काढत होती म्हणे.