चाकांवरचं टूल-कपाट करताय? आधी या चुका टाळा

“ड्रॉवर अडकतोय, काय करू?” असा मेसेज फोटोसकट आला की मी एकच प्रश्न परत पाठवतो: बॉक्सचे कर्ण मोजलेत का? मग पलीकडून काहीच येत नाही, नाहीतर “कर्ण कशाला?” असं येतं.

मी सुतार नाही. कोल्हापुरात उद्यमनगरात लेथचा लहानसा गाळा आहे. पान्हे, टॅप, ड्रिल बिट ठेवायला पत्र्याची तयार ट्रॉली परवडेना म्हणून प्लायची केली. आजवर चार झाल्या. पहिलीचं चाक उपटलं, दुसरी उलटली, तिसरी चालू आहे आणि चौथी भाच्याची. सुरुवात त्या चौथीपासूनच करतो.

सगळं एकदम कापून आणणं

भाचा डिप्लोमाला आहे. व्हिडिओ बघून त्यानं मोबाइलवर कटिंग लिस्ट केली आणि म्हणाला, “मामा, दुकानातच मशिनवर सगळं कापून आणतो. रविवारी नुसतं जोडायचं.” मी म्हटलं, “आत्ता बॉक्सच तेवढा काप, ड्रॉवरचं नंतर बघू.” तर म्हणे, दोनदा टेम्पोचं भाडं कोण देणार?

बॉक्सची बाहेरची रुंदी त्यानं 600 मिलिमीटर धरली होती. प्लाय 19 चा, म्हणजे दोन साइडचे 38 वजा करून आत 562. टेलिस्कोपिक चॅनलला, म्हणजे ड्रॉवर सरकतो त्या पट्ट्यांना, दोन्ही बाजूंना मिळून 26 सोडले की ड्रॉवर 536 चा. कागदावर सगळं बरोबर. आता लेथवाल्याला व्हर्निअर (बारीक मापाचं हत्यार) लावल्याशिवाय चैन पडत नाही. लावला तर “19 चा” प्लाय भरला साडेसतरा. म्हणजे आतली जागा 562 नाही, 565. ड्रॉवरच्या साइडचा 12 चा प्लायही साडेअकराच निघाला, त्यामुळे तयार ड्रॉवर 535 चा झाला. एकूण 4 मिलिमीटर ढिला. चॅनलचे दोन भाग एकमेकांत नीट बसेनात, आणि पान्हे भरलेला पहिलाच ड्रॉवर ओढताना निसटून त्याच्या हातात आला. रविवार तिथंच संपला.

सनमायका साधारण 1 मिलिमीटरचा असतो. त्याचे दोन-दोन तुकडे प्रत्येक चॅनलमागे घालून पाच ड्रॉवर वाचवले. नशीब, चूक ढिली होती. घट्ट असती तर सनमायका काय कामाचा? तेव्हा ड्रॉवर सोडवून परत कापावा लागतो. म्हणून असा फरक मी शक्यतो अंगावर घेत नाही, पण घ्यायचाच झाला तर ढिलाईच्या बाजूनं घेतो.

माझी सवय अशी: बॉक्स जोडायचा, दोन्ही कर्ण, म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची तिरकी मापं मोजायची, ती सारखी येईपर्यंत, म्हणजे बॉक्स काटकोनात येईपर्यंत, ठोकून-ओढून सरळ करायचा आणि मगच 6 मिलिमीटरचा पाठीचा प्लाय मारायचा. काटकोन तो प्लायच धरून ठेवतो. फेविकॉल रात्रभर वाळू द्यायचा. दुसऱ्या दिवशी आतली रुंदी वर, मध्ये आणि खाली, पुढून आणि मागून मोजायची, आणि सगळ्यांत लहान मापातून 26 वजा करायचे. त्यानंतर ड्रॉवरचा प्लाय. टेम्पोचं भाडं दुसऱ्यांदा द्यावं लागतं, ते द्यावं. तेवढं थांबवत नसेल तर पत्र्याची ट्रॉली विकत आणावी.

दुकानात कापून घेणाऱ्यांसाठी आणखी एक. करवतीचं पातं जवळपास 3 मिलिमीटर खातं. 1220 च्या रुंदीतून 405 च्या तीन पट्ट्या निघतील असं वाटतं, पण 1215 आणि दोन कापांचे 6 मिळून 1221 होतात. तिसरी पट्टी तोकडी येते, आणि शिव्या मशिनवाल्याला बसतात.

चाकं शेवटी आठवणं

लोक बॉक्स करतात, ड्रॉवर करतात, हँडल निवडण्यात तीन दिवस घालवतात आणि मग “आता खाली चाकं मारू” म्हणतात. माझ्या पहिल्या ट्रॉलीत मी हेच केलं. तळाचा प्लाय दोन साइडच्या मध्ये, आडव्या स्क्रूंवर लटकवलेला. त्या तळाला खालून पाऊण इंची स्क्रूनं चाकं. म्हणजे सगळा भार प्लायच्या कडेत घुसलेल्या आठ स्क्रूंवर. प्लायची कड स्क्रू धरत नाही, थर फाकतात. गाळ्याच्या उंबऱ्यावरून ओढताना एका चाकाची प्लेट स्क्रूंसकट बाहेर आली.

तळ रुंद घ्या आणि साइड त्याच्यावर उभ्या करा. भार सरळ खाली चाकात उतरतो, स्क्रू फक्त जागेवर धरायला उरतात. चाकांना 8 मिलिमीटरचे नट-बोल्ट, वरून मोठा वॉशर, खाली आत नायलॉनची रिंग असलेला नट. बोल्टचं डोकं आत वर येतं, त्याच्यासाठी खालच्या ड्रॉवरखाली बोटभर जागा सोडा. मी ती एकदा विसरलो होतो.

चाकाची ताकद मोजताना चारनं भागू नका, तीननं भागा. गाळ्यातला कोबा असो की शहाबादी, चारही चाकं एकाच वेळी टेकली असं क्वचितच होतं. ट्रॉली आणि माल मिळून 150 किलो होणार असेल तर चाक निदान 50 किलोचं पाहिजे. शहाबादीच्या सांध्यात 2 इंची चाक हटकून अडकतं, मी 4 इंचाच्या खाली जात नाही. मागं दोन फिक्स, पुढं दोन फिरती, ब्रेकवाली. चारही फिरती लावली की ट्रॉली आपल्याला नेते.

दुसरी उलटली त्याची गोष्ट लहान आहे. जड सॉकेट सेट वरच्या ड्रॉवरमध्ये, कारण वाकायचा कंटाळा. चॅनल पूर्ण बाहेर येणारे. एक स्क्रू शोधताना वरचे तीन ड्रॉवर एकदम उघडे ठेवले. त्यात ट्रॉली ढकलून आणलेली असल्यामुळे पुढची चाकं आत वळलेली, म्हणजे टेकायची जागा इंच-दीड इंचानं कमी झालेली. ट्रॉली माझ्या अंगावर यायला लागली तेव्हा मी गुडघा लावला. हा शहाणपणा करू नका, बाजूला व्हा. गुडघा दोन आठवडे सुजला होता आणि व्हर्निअर पडला तो कायमचा वाकला. आता तिसऱ्या ट्रॉलीत ग्राइंडर, सॉकेट, हातोडे तळात आणि वर फक्त बिट आणि मापाची हत्यारं. खोलीही 18 इंचांवरून 22 केली.

त्याच ट्रॉलीवर बेंच व्हाईस बसवायची हौस असेल तर ब्रेक लावूनही हॅकसॉ मारून बघा. आपण करवत पुढं रेटतो आणि ट्रॉलीच पुढं सरकते.

बाकीचं थोडक्यात. काळे जिप्समचे स्क्रू बॉक्सला वापरू नका, मान मोडते. ड्रॉवरचा तळ 4 मिलिमीटरचा घातला की पान्ह्यांच्या वजनानं पोट सुटतं, 9 चा घ्या. चॅनलचे स्क्रू आधी लांबट भोकात मारा, ड्रॉवर सरळ चालला की मग गोल भोकात. पायलट होल (स्क्रूआधीचं बारीक भोक) न पाडता कडेत स्क्रू मारणाऱ्याशी मी वाद घालत नाही.

प्लायबद्दल मात्र दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, शिक्का वाचा. एमआर म्हणजे ओलसर हवेला तोंड देणारा, पाण्यात उभा राहणारा नव्हे. गाळ्याची फरशी धुतली जाते आणि जूनपासून ती आपोआपच ओली असते. मी सगळी ट्रॉली एमआरची करतो, पण तळ तेवढा आयएस 710 शिक्क्याचा मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा घेतो, आणि त्याच्या चारही कडा पॉलिशनं भरतो. पॉलिश दोन्ही बाजूंनी मारा. नुसत्या बाहेरून मारलेली फळी एका पावसात धनुष्य होते. आणि हे सगळं मार्च-एप्रिलमध्ये करा. जुलैत कोल्हापुरात पॉलिश वाळायची वाट बघणं म्हणजे भाच्याच्या शब्दांत, “मामा, अजून चिकटतंयच की!”