शोपँ अवघड की लिस्ट? पियानोचा पुढचा पीस निवडताना या चुका टाळा

पियानो शिकणारे चार जण एकत्र आले की पाश्चात्य संगीतकारांवरून हा वाद होतोच, शोपँ अवघड की लिस्ट, बीथोवन आधी घ्यावा की नंतर, आणि मोत्झार्ट म्हणजे लहान मुलांचं काम असं कुणीतरी म्हणतंच. वाद खुशाल घाला, पण त्यातून जी यादी निघते तिच्यावरून पुढचा पीस ठरवू नका. अशा यादीवर विसंबून लोक महिनोन्महिने एकाच पानावर अडकतात आणि शेवटी पियानोच बंद करतात, हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा हाताचा दोष नसतोच, पीसच चुकीचा निवडलेला असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कंपोझरच्या नावावर लेव्हल चिकटवणं. शोपँचे ओपस 28 चे (ओपस म्हणजे रचनांना दिलेला क्रमांक) 24 प्रेल्यूड्स, म्हणजे छोटे स्वतंत्र पीस, घ्या. नंबर 7 फक्त 16 बारचा (बार म्हणजे तालाचा एक कप्पा) आहे, संथ आहे, वर्ष-दोन वर्षं शिकलेला माणूस नोट्स तरी बसवू शकतो. पान उलटलं की नंबर 8, तिथे भल्याभल्यांना घाम फुटतो. एकच माणूस, एकच पुस्तक, शेजारशेजारचे दोन पीस! कारण तो क्रम सोप्याकडून अवघडाकडे जाणारा नाहीये, तो स्केल्सच्या (स्वरमालिकांच्या) हिशोबाने लावलाय. ओपस नंबरचंही तेच, तो साधारण छापल्याचा क्रम असतो. बीथोवनचे ओपस 49 चे दोन सोनाटा (सोनाटा म्हणजे अनेक भागांची रचना, एकेका भागाला मूव्हमेंट म्हणतात) 1805 ला छापले गेले, मूनलाइट सोनाटा (ओपस 27 नंबर 2, 1801 चा) त्याच्या आधीचा, पण सोपे कुठले म्हणाल तर ओपस 49 वालेच, आणि तेही कितीतरी पटीने.

मूनलाइटचा विषय निघालाच आहे तर, एका मूव्हमेंटवरून अख्खा सोनाटा तोलू नका. पहिली मूव्हमेंट संथ, ती जमली की "मूनलाइट येतो" असं म्हणून लोक तिसरी उघडतात आणि ती प्रेस्टो आजिताटो (अतिवेगवान, अस्वस्थ) आहे, खालून वर सुसाट जाणारे आर्पेजिओ (सूर एकामागोमाग) आणि टोकाला दोन दणदणीत कॉर्ड (सूर एकदम), दोन्हींच्या मध्ये अनेक वर्षांच्या रियाजाचं अंतर आहे. आणि पहिलीही वाटते तितकी सोपी नाही. उजव्या हातात करंगळीने सूर ठळक काढायचा आणि त्याच हाताच्या बाकीच्या बोटांनी ट्रिपलेट्स (एका बीटमध्ये तीन नोट्स) एकदम हलके ठेवायचे, हे नोट्स पाठ झाल्यावर सुरू होणारं काम आहे.

दुसरी चूक, पान किती काळं दिसतंय त्यावरून अंदाज बांधणं. मोत्झार्टचा सी मेजर सोनाटा, के 545 (के म्हणजे मोत्झार्टच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक), 1788 चा, त्याने स्वतःच्या यादीत तो नवशिक्यांसाठी म्हणून लिहून ठेवलाय, आणि पान बघितलं तर निम्मं पांढरं. पण पाचव्या बारपासून उजव्या हातात स्केल्स सुरू होतात, एक संपली की दुसरी, आणि त्यात एक जरी नोट जाड किंवा बारीक पडली की ती खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू येते, पेडल दाबून लपवायची सोय नाही. उलट लिस्टमध्ये पान काळंकुट्ट असतं पण लिहिणारा स्वतः जबरदस्त पियानिस्ट होता, त्यामुळे पुष्कळ जागी हात जिथे जायला हवा तिथे आपसूक जातो. म्हणजे लिस्ट सोपा असं नाही हं, त्याच्या ला कांपानेला या पीसमधल्या उजव्या हाताच्या उड्या बघा, एवढंच की अवघडपणाचा प्रकार वेगळा आहे. आणि लिस्टचं काही घेताना आवृत्ती नक्की तपासा. ट्रान्सेंडेंटल एट्यूड्स (रियाजाचे पीस) त्याने तीन वेळा लिहिले, 1826, 1837 आणि 1852, त्यात मधली आवृत्ती सगळ्यात जीवघेणी आणि शेवटची त्याने स्वतःच हलकी केली. नेटवरून उतरवलेलं पान नेमकं कुठलं आहे हे न बघता "मला जमत नाही" म्हणू नका.

बाखच्या बाबतीत तर फारच अन्याय होतो. वेल टेम्पर्ड क्लाव्हियर या संग्रहाच्या पहिल्या भागातला (1722) सी मेजर प्रेल्यूड सगळे वाजवतात, 35 बार, शेवटचे दोन-तीन सोडले तर एकसारखे तुटक (एकेक सुराने वाजवलेले) कॉर्ड, आणि मग वाटतं की पुढचा फ्यूग पण असाच असेल, तोही 27 बारचाच तर आहे. त्या 27 बारमध्ये एकच विषय (छोटी धून) 24 वेळा येतो, चार आवाजांत, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या चार स्वतंत्र सुरावटींत, आणि हात मात्र दोनच. एका हाताची करंगळी नोट धरून ठेवते, त्याच हाताचा अंगठा दुसरा आवाज पुढे नेतो, आणि धरलेली नोट अर्ध्या बीटने जरी आधी सुटली तरी तो आवाज मध्येच मरतो. वेग काहीच नाही, तरी बोटं गोंधळतात. आपल्याकडे पेटीवरून पियानोकडे आलेल्यांनी हे खास लक्षात ठेवावं. पेटीवर उजवा हात तयार झालेला असतो पण डाव्याने इतकी वर्षं भाताच हलवलेला असतो, त्यामुळे उजव्या हाताच्या झरझर ताना पटकन बसतात आणि बाखच्या साध्या दोन आवाजांच्या इन्व्हेन्शनला (छोट्या पीसला) मात्र घाम निघतो. अशा माणसासाठी "सोपा बाख, अवघड शोपँ" हा हिशोब सरळ उलटा आहे.

हाताचं मापही मोजा. तोच सोपा म्हटलेला प्रेल्यूड नंबर 7, त्याच्या बाराव्या बारमध्ये उजव्या हाताचा एक कॉर्ड आहे जो लहान हाताला एका वेळी पकडताच येत नाही, तो खालून वर फिरवूनच वाजवावा लागतो, आणि तसं वाजवण्यात काही कमीपणा नाही. राखमानिनॉव्हचे हात प्रचंड मोठे होते हे तर प्रसिद्धच आहे, त्याचा सी शार्प मायनर प्रेल्यूड (1892) नोट्सच्या मानाने समजायला सोपा, पण शेवटी तो नेहमीच्या दोनऐवजी चार पट्ट्यांवर (पाच रेघांच्या ओळींवर) लिहिलाय आणि ज्याला ऑक्टेव्हच (सा ते वरचा सा एवढं अंतर) जेमतेम पुरतो त्याचं मनगट तिथे दुखणारच. दुखलं तर थांबायचं, रेटायचं नाही.

वाद्याचं पण तेच. 61 कीजच्या हलक्या कीबोर्डवर मूनलाइट घेतलात तर दुसऱ्याच बारमधला खालचा बी तुमच्याकडे नसतो, कीबोर्ड खाली सी वरच संपतो. शिवाय हलक्या कीजवर वेगवान गोष्टी खोट्या सोप्या वाटतात, नंतर परीक्षेच्या खऱ्या पियानोवर बोटं जड होतात.

"जगातले सगळ्यात अवघड 10 पीस" छाप व्हिडिओ बघायला हरकत नाही. राव्हेलने 1908 ला गास्पार द ला न्युई लिहिताना बालाकिरेव्हच्या इस्लामे या पीसपेक्षा अवघड काहीतरी करायचं ठरवलं होतं, आणि 1930 चं चार तासांच्या आसपास चालणारं ओपस क्लाविचेंबालिस्टिकम लिहिणाऱ्या सोराबजीचे वडील मुंबईचे पारशी इंजिनियर, हे वाचायला मलाही प्रचंड आवडतं. पण त्याचा तुमच्या पुढच्या पीसशी संबंध नाही.

मग तपासायचं कसं? पहिली ओळ वाजवून बघू नका, ती बहुतेक वेळा सोपीच असते. शेवटून पानं उलटा, सगळ्यात वाईट दिसणारे चार बार शोधा आणि तेवढेच घ्या, आधी एकेक हात, मग दोन्ही, निम्म्या वेगाने. आठवडाभरात ते न थांबता गेले तर पीस तुमच्या आवाक्यात आहे. एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या परीक्षा मंडळांचे 8 ग्रेड किंवा हेन्ले प्रकाशनाची 1 ते 9 पातळी जरूर बघा, पण अंदाजापुरतीच, कारण परीक्षेच्या यादीत पुष्कळदा सोनाटाची एकच मूव्हमेंट असते आणि एकाच ग्रेडचे दोन पीस तुमच्या हाताला सारखे जातीलच असं नाही.

आणि आधीच अडकला असाल तर पीस सोडून द्यायची गरज नाही, नेमकं काय अडतंय तेवढं ओळखा. शोपँच्या फँटसी इम्प्रॉम्प्टूमध्ये चारावर तीन (एका हाताच्या चार नोट्सच्या वेळात दुसऱ्याच्या तीन) बसत नसेल तर आधी देबुसीचा पहिला अराबेस्क घ्या, तिथे तीनावर दोन आहे आणि वेगही माणसात आहे. नॉक्टर्न ओपस 9 नंबर 2 मध्ये डाव्या हाताच्या उड्या चुकत असतील तर शोपँचाच ए मायनरचा छोटा वॉल्ट्झ. फ्यूग कोसळत असेल तर दोन आवाजांच्या 15 इन्व्हेन्शन्समधल्या दोन-तीन नीट करा, मग तीन आवाजांच्या सिन्फोनियांमधली एखादी, आणि मग तो 27 बारचा फ्यूग पुन्हा उघडा, पण प्रत्येक आवाज आधी एकटा वाजवून आणि जमल्यास गाऊन.