जिभेखालची गोळी आणि प्रेसवरची पाळी: या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर, अंबड या औद्योगिक भागांतून येणारे कामगार व्यसनमुक्तीची गोळी सुरू झाली की हमखास विचारतात, "ताई, मशीनवर उभा राहू का?" मी आधी तीन गोष्टी विचारते: गोळी कधी सुरू झाली, सोबत आणखी काय घेतोस आणि काम नेमकं कसलं?

ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही अफू, हेरॉइनसारखी नशा सोडवण्याची औषधं सुरू झाल्यावर लगेच पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर, जाणं ही मोठी चूक. सुरुवातीला आणि डोस वाढवल्यावर गुंगी येते, हात-डोळ्यांचा मेळ मंदावतो. मेथाडोन तर अंगात साठत जातं, त्यामुळे पहिल्या दिवशी ठीक वाटलेला माणूस चौथ्या-पाचव्या दिवशी पेंगतो. तेवढे दिवस पॅकिंगसारखं हलकं काम मागा, मोटरसायकल घरी ठेवा. नाल्ट्रेक्सोन या दुसऱ्या औषधाने सहसा अशी गुंगी येत नाही. पण अफूजन्य पदार्थ बंद होऊन 7 ते 10 दिवस झाल्याशिवाय ते घेतलं, तर जबर टर्की लागते, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास होतो.

"पाळीला डोकं ताजं राहावं" म्हणून डोस चुकवणारेही खूप. असाच एक पोरगा माझ्यासमोर बसला होता. नाक गळत होतं, जांभयांवर जांभया येत होत्या. सांगत होता, "ताई, मापाचा व्हर्निअर तीनदा वाचला, तिन्ही वेळा आकडा वेगळा." हा गोळीचा परिणाम नव्हता, गोळी न घेतल्याचा होता. गोळीची वेळ पाळीला जुळत नसेल तर डॉक्टरांकडून ती बदलून घ्या.

काही जण ब्युप्रेनॉर्फिन चहासोबत गिळून टाकतात. ती जिभेखाली पूर्ण विरघळायला हवी, त्याला 5 ते 10 मिनिटं लागतात. गिळली तर बरीचशी वाया जाते, दुपारी अंग मोडून येतं आणि माणूस म्हणतो, डोस कमी पडला.

माझी सगळ्यात कळकळीची विनंती एकाच गोष्टीसाठी आहे. झोप लागत नाही म्हणून मेडिकलवरून अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी आणू नका, वर दारू घेऊ नका. ब्युप्रेनॉर्फिन-मेथाडोनसारखंच अल्प्राझोलाम आणि दारूही मेंदूला मंद करतात; एकत्र झाली तर श्वासही मंदावतो. सर्दीच्या काही गोळ्यांनीही झापड वाढते. सकाळी "जरा जड वाटतंय" म्हणत फोर्कलिफ्टवर बसणाऱ्याची रात्र बहुतेक वेळा अशीच गेलेली असते.

आता सुपरवायझरांसाठी. "गोळी म्हणजे दुसरी नशाच" असं म्हणून माणसाला घरी बसवू नका. डोस स्थिर झाल्यावर बहुतेक जण नीट काम करतात. काहींचं लक्ष किंवा चपळाई थोडी कमी भरते, पण त्यात जुनं व्यसन, अपुरी झोप, नैराश्य यांचाही वाटा असतो. लघवीच्या चाचणीत औषध दिसलं तरी माणूस कामाला योग्य की अयोग्य, हे त्यावरून ठरत नाही. त्याचं काम पाहा.

फिटनेस सर्टिफिकेट मागताना डॉक्टरांना क्रेन, उंची, रात्रपाळी असं सगळं सांगा. उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिला आहे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आहे. कोणी हलवूनही उठत नसेल, ओठ निळे पडले असतील किंवा श्वास अडखळत असेल, तर तोंडात काही न घालता त्याला कुशीवर वळवा आणि लगेच 108 ला फोन करा.