चकमकीच्या बंदुकीने हरणाची शिकार: पेनसिल्व्हेनियाच्या हिवाळी हंगामासाठी

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात नाताळानंतर ठासणीच्या बंदुकीने हरणांच्या शिकारीचा जो हंगाम येतो, तो त्यांतल्या फक्त चकमकीवर पेटणाऱ्या बंदुकीसाठी राखलेला असतो, आणि ही प्रथा १९७४ पासून चालू आहे. अठराव्या शतकात याच राज्यातल्या लँकेस्टर भागात जर्मन आणि स्विस कारागिरांनी युरोपातल्या आखूड शिकारी रायफलीपासून लांब नळीची, बारीक गोळीची बंदूक घडवली, त्यामुळे ती तिथल्या जंगलात आजही आपल्या घरचीच वाटते. पुढची माहिती तिथे रीतसर परवाना घेऊन शिकार करणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाची शिकार हा गुन्हा आहे. परवान्याखेरीज पेनसिल्व्हेनियात शिकारीचे सुरक्षा प्रशिक्षण आणि ठासणीच्या बंदुकीचा जादा परवानाही लागतो, आणि हंगामाचे नियम दर वर्षी नव्याने वाचून घ्यावेत.

ही बंदूक चालते कशी, हे आधी नीट समजून घ्यावे, कारण तिच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच सापडते. घोड्याच्या जबड्यात धरलेली गारगोटी रंजकदानीच्या, म्हणजे पेटवणीची बारीक दारू (रंजक) ठेवायच्या वाटीच्या, पोलादी झाकणावर, म्हणजे ज्याला फ्रिझन म्हणतात त्यावर, आदळते आणि पोलादाचे बारीक कण खरवडून काढते. हे कणच पेटून ठिणग्या बनतात, गारगोटी जळत नाही. त्या ठिणग्यांनी रंजक पेटते आणि तिची धग नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक छिद्रातून, आत जाऊन मुख्य दारू पेटवते. म्हणून गारगोटीची धार ताजी हवी, ती चामड्याच्या तुकड्यात गुंडाळून घट्ट आवळलेली हवी आणि तिची कड फ्रिझनला सरळ समांतर भिडायला हवी.

दारू खरी काळीच हवी, म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांची. तिच्या जागी विकली जाणारी पर्यायी दारू पेटायला जास्त उष्णता मागते आणि चकमकीवर ती भरवशाने पेटत नाही. अर्ध्या इंचाच्या, म्हणजे ५० कॅलिबरच्या, नळीसाठी ७० ते ९० ग्रेन (दारू मोजण्याचे बारीक माप) दारू, ०.४९० इंच व्यासाची शिशाची गोल गोळी आणि तिच्याभोवती वंगण लावलेली सुती चिंधी असा मेळ बहुतेकांना मानवतो. मात्र आपल्या बंदुकीच्या निर्मात्याने सांगितलेली मर्यादा हीच शेवटची मानावी आणि त्या मर्यादेत कोणत्या मापाने गोळ्या सर्वांत जवळजवळ पडतात, हे हंगामाच्या बरेच आधी मैदानावर ठरवावे.

शिकारीच्या सकाळी बार भरण्यापूर्वी नळीतले तेल कोरड्या चिंधीने पूर्ण पुसून काढावे आणि कान बारीक तारेने मोकळा करावा. हे काम क्षुल्लक वाटते, पण माझ्या पहिल्याच जानेवारीत रंजकदानीत नुसता भपका उडाला आणि हरीण निघून गेले, ते आदल्या रात्री नळीत राहिलेल्या तेलाने दारू ओली केल्यामुळेच. दारू ती साठवायच्या शिंगातून थेट नळीत कधीही ओतू नये. नळीत एखादी ठिणगी धुमसत असली तर हातातले सगळे शिंगच फुटेल. ती आधी वेगळ्या मापात घ्यावी, मग नळीत घालावी, वर चिंधीसह गोळी ठेवून गजाने दारूवर पक्की टेकेपर्यंत ठासावी. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुटू शकते, म्हणून पूर्ण भरलेल्या बाराची खूण गजावर कोरून ठेवावी. तीच खूण चुकून दुसऱ्यांदा बार भरण्यापासूनही वाचवते.

रंजक अगदी शेवटी, बसण्याच्या जागी पोहोचल्यावरच घालावी. साधारण तीन ग्रेन बारीक दारू पुरते. ती कानात दाबून बसवली तर वातीसारखी हळू जळते आणि बार उशिरा उडतो. बर्फाच्या किंवा धुक्याच्या दिवशी हवेतला दमटपणा रंजक खाऊन टाकतो, म्हणून चापाच्या यंत्रावर तेल लावलेल्या चामड्याचे आच्छादन बांधावे आणि तासाभराने रंजक बदलावी. कुंपण ओलांडताना किंवा झाडावरच्या मचाणावर चढताना रंजक झाडून टाकावी, आणि तरीही बंदूक भरलेलीच समजावी.

अंतराविषयी मी कडक आहे. गोल गोळी वेग लवकर गमावते, म्हणून ५० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ४५ मीटरच्या, पलीकडे नवशिक्याने बार टाकू नये. पांढऱ्या शेपटीचे हरीण पूर्ण आडवे उभे राहीपर्यंत थांबावे आणि पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात, जिथे हृदय आणि फुप्फुसे असतात, तिथे नेम धरावा. हरीण तोंड करून किंवा पाठ करून उभे असेल, किंवा मागे मातीची टेकडी अथवा दुसरी सुरक्षित आड नसेल, तर बार टाकू नये. चाप ओढल्यावर डोळ्यासमोर भपका होतो आणि त्यामुळे मान झटक्याने हलते. तरी माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) आणि हरीण यांवरची नजर बार उडून धूर पसरेपर्यंत हलवू नये. बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून पूर्ण एक मिनिट थांबावे, कारण आतली दारू उशिराही पेटते.

धूर विरेपर्यंत हरीण दिसत नाही, म्हणून ते कोणत्या झाडापाशी होते ते आधीच मनात पक्के करावे. लगेच मागे धावू नये; बंदूक पुन्हा भरून निदान अर्धा तास थांबावे, मग बर्फावरच्या रक्ताच्या आणि खुरांच्या खुणा सावकाश पाहत जावे.

काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढून एका रात्रीत पोलादावर गंज आणते. त्यामुळे बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, थकवा कितीही असला तरी, त्याच संध्याकाळी नळी कोमट साबणाच्या पाण्याने धुवावी, चिंधी पांढरी निघेपर्यंत पुसावी, पूर्ण सुकल्यावरच तेल लावावे आणि कान व रंजकदानीही तितक्याच निगुतीने स्वच्छ कराव्यात.