ओढ्यातल्या किड्यांवर पीएचडी करायची असेल तर

नागपुरात झूऑलॉजीत एमएस्सी करून पीएचडीला येणारी मुलं विषय बरेचदा ठरवूनच येतात: नाग नदीचं प्रदूषण आणि कीटकविविधता. मी त्यांना आधी एकच विचारते, तुलनेला बरं पाणी कुठलं घेणार? लाव्याच्या टेकड्यांतून निघालेली नाग अंबाझरीनंतर शहरात शिरते आणि सांडपाणी घेऊन बाहेर पडते. तिथं जाळी लावली की कायरोनोमस या डासासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या माशीच्या लालभडक अळ्या निघणार. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे ऑक्सिजन जेमतेम असलेल्या गाळातही त्या तग धरतात. एवढंच दाखवायला पीएचडी कशाला हवी?

बऱ्या पाण्यासाठी पेंचकडचे ओढे बघा. दगड उलटा केला की त्याला चपट्या चिकटलेल्या मेफ्लाय या पाणकिड्याच्या अळ्या दिसतात, शेजारी वाळूचे कण जोडून केलेलं कॅडिसफ्लाय या दुसऱ्या किड्याच्या अळीचं घर. व्याघ्र प्रकल्पात नमुने घ्यायला वन विभागाची परवानगी लागते. तो अर्ज सिनॉप्सिससोबतच (संशोधनाच्या आराखड्यासोबत) टाका, मंजुरीची वाट बघण्यात आख्खा हंगाम हातचा जातो.

खरी गोम उन्हाळ्यात आहे. आपल्याकडचे बहुतेक ओढे तोवर आटतात, उरतात ते डोह. वाहत्या पाण्यातले किडे गायब होतात, पाणविंचू आणि चतुरांच्या अळ्या मात्र भरपूर. हा फरक कोरडेपणाचा आहे, माणसाच्या उपद्रवाचा नाही. त्यात गंमत अशी, की शहरातली नदी सांडपाण्यामुळेच बारमाही वाहते. म्हणजे एप्रिलमध्ये तुम्ही वाहत्या गटाराची तुलना आटलेल्या ओढ्याशी करत असता! व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, परीक्षक नेमकं इथंच धरतात. पावसाळ्यात पूर तळ खरवडून नेतो, तेव्हाचे आकडेही बेभरवशाचे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ धरा आणि दोन्हीकडचे नमुने एकाच आठवड्यात घ्या.

नमुने ओढ्यावरच, पांढऱ्या ट्रेमध्ये, किडे जिवंत असताना निवडा. हलतात म्हणून दिसतात. अल्कोहोलमध्ये गेले की कचऱ्याच्याच रंगाचे होतात. चिमटा हलका धरा. मेफ्लायच्या पोटाच्या कडेचे कल्ले चटकन गळतात आणि ओळख बरीचशी त्यांच्यावरूनच पटते.

शीर्षकात ‘प्रजाती’ शब्द घालू नका. पुष्कळ अळ्यांची प्रजाती प्रौढ कीटक हाती असल्याशिवाय सांगता येत नाही, आणि प्रदूषणाच्या प्रश्नाला कुळापर्यंतची (फॅमिलीपर्यंतची) ओळख सहसा पुरते. बीएमडब्ल्यूपी या किड्यांवरून पाण्याचा दर्जा ठरवायच्या पद्धतीतले गुणही कुळांनाच दिलेले आहेत: प्रदूषण न सोसणाऱ्या हेप्टाजेनिडी या मेफ्लायच्या कुळाला 10, कायरोनोमसच्या कायरोनोमिडी कुळाला 2. ही पद्धत मूळची ब्रिटनची. आपल्या ओढ्यांना ती कितपत लागू पडते यावर प्रबंधात दोन पानं लिहाच.

पैशाचं म्हणाल तर जेआरएफ (सरकारी संशोधन शिष्यवृत्ती) असेल तर महिना 37,000 रुपये. नसेल तर पेट्रोल आपल्या खिशातून, त्यामुळे ठिकाणं मोजकीच ठेवा. आणि लेबल पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आत टाका. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.