गुरुदत्तवर कार्यक्रम करायचाय? मग शेवटापासून सुरू करू नका

९ जुलै (जयंती) किंवा १० ऑक्टोबर (पुण्यतिथी) जवळ आला की कुठल्यातरी वाचनालयात, कॉलेजच्या फिल्म क्लबात नाहीतर सोसायटीच्या हॉलमध्ये गुरुदत्तवर दोन तासांचा कार्यक्रम ठरतो, आणि बोलायचं काम ज्याला जुनी गाणी आवडतात त्याच्या गळ्यात पडतं. ज्याच्या गळ्यात पडलंय त्याच्यासाठी हे लिहितोय.

बहुतेक जण सुरुवात तो जिथे गेला त्या मुंबईतल्या पेडर रोडच्या फ्लॅटपासून करतात. १९६४ साल, वय ३९, एकटा राहत होता, दारू, झोप नाही, वगैरे. मग तिथून मागे मागे जात प्रत्येक सिनेमात त्या रात्रीच्या खुणा शोधत बसतात. कळकळीने सांगतो, असं करू नका. पहिल्या पाच मिनिटांत लोक हळहळायला लागले की पुढचे दोन तास ते हळहळतच राहतात आणि त्याने पडद्यावर काय करून ठेवलंय ते बघायचं राहूनच जातं.

पुण्यापासून सुरू करा, आपल्या लोकांना ते जवळचंही वाटतं. १९४४ मध्ये हा मुलगा प्रभात फिल्म कंपनीत तीन वर्षांच्या करारावर आला. म्हणजे आज जिथे एफटीआयआय आहे तिथे. त्याआधी अल्मोड्याला उदय शंकरांच्या केंद्रात नाच शिकला होता, कलकत्त्यात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करून झाली होती. प्रभातमध्ये नाच बसवणं, असिस्टंटगिरी, छोटी भूमिका, पडेल ते काम केलं. तिथेच देव आनंद भेटला, धोब्याकडे शर्टांची अदलाबदल झाली आणि त्यातून दोस्ती झाली तो किस्सा तुम्हाला माहीतच असेल, तो जरूर सांगा, कारण त्याच दोस्तीत ठरलं की तू डिरेक्टर झालास तर हिरो मी आणि मी प्रोड्युसर झालो तर डिरेक्टर तू. देवने शब्द पाळला आणि १९५१ ला त्याच्या नवकेतन कंपनीचा 'बाजी' आला. इथेच एक गोष्ट सांगून टाका, कारण हॉलमध्ये निम्म्या लोकांना तो बंगाली वाटत असतो. तो बंगाली नव्हता. जन्म बंगळूरचा, १९२५ चा, आडनाव पदुकोण, घरात कोंकणी. कलकत्त्यात वाढला म्हणून बंगाली उत्तम होतं, एवढंच.

आता क्लिप्स. पहिली क्लिप उदास नको. 'बाजी'तलं 'तदबीर से बिगड़ी हुई' लावा, साहिरची गझल आणि बर्मनदांनी तिला चक्क क्लबातल्या गिटारवर बसवलंय. मग 'आरपार'मधलं गॅरेजमधलं 'सुन सुन सुन सुन ज़ालिमा'. लावण्याआधी लोकांना सांगा की गाणं कुठून सुरू होतं तिकडे कान ठेवा. लांबलचक म्युझिक वाजून मग गाणं येत नाही, बोलता बोलता सूर लागतो आणि गाणं सुरू झालेलं असतं, गोष्ट थांबतच नाही. हे आपल्याला आज साधं वाटतं पण १९५४ साली ते नवीन होतं. आणि जॉनी वॉकर हवाच. बदरुद्दीन काझी नावाचा बसकंडक्टर, त्याला दारुड्याची नक्कल करताना बघून 'बाजी'त घेतलं, आणि पुढे गुरुदत्तच्या जवळजवळ प्रत्येक सिनेमात तो आहे. 'मिस्टर अँड मिसेस ५५' मधलं ऑफिसमधलं 'जाने कहाँ मेरा जिगर गया जी' लावा, हॉल हसला पाहिजे. हा माणूस हसवायचा, हे लोक विसरलेत.

मग 'प्यासा'. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. संसार बिनसला म्हणून 'प्यासा' निघाला असं लोक अगदी खात्रीने बोलतात. 'प्यासा'ची मूळ कथा त्याने 'कश्मकश' नावाने लिहिली होती ती प्रभात सुटल्यावर काम नव्हतं त्या दिवसांत, 'बाजी'च्याही आधी. गायिका गीता रॉयशी (पुढे गीता दत्त) लग्न झालं १९५३ मध्ये आणि सिनेमा आला १९५७ मध्ये. म्हणजे ती कथा बेकार तरुणाची आहे, ज्याला कोणी दारात उभं करत नव्हतं त्याची. तारखा फळ्यावर लिहून दाखवा, वाद होत नाही. आणि 'जाने वो कैसे लोग थे' लावताना खोली बघायला सांगा, पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभा राहिलेला नोकर गातोय आणि पाहुणे ग्लास हातात धरून ऐकतायत, कॅमेरा हळूहळू त्याच्याजवळ सरकतो. कॅमेरामन व्ही. के. मूर्तींचं नाव इथे घ्या, मोठ्याने घ्या, कारण गुरुदत्तचं जे आपण आठवतो त्यातला अर्धा उजेड-अंधार मूर्तींचा आहे. तसंच अब्रार अल्वींचं, संवाद त्यांचे.

'कागज के फूल' दाखवताना एक तांत्रिक गोष्ट. तो भारतातला पहिला सिनेमास्कोप सिनेमा, चित्र आडवं लांब आहे, तेव्हा वर-खाली काळ्या पट्ट्या दिसणार, त्या दिसू द्या. कोणीतरी रिमोट घेऊन झूम करतं आणि दोन्ही कडांची माणसं कापली जातात. बाकीच्या सिनेमांत उलट, पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला येतात, तिथे चित्र ताणलं तर सगळे जाडे दिसतात. आदल्या दिवशी त्याच प्रोजेक्टरवर लावून बघा. 'वक़्त ने किया' मधला तो उन्हाचा झोत दिव्यांचा नाही, मूर्तींनी बाहेरचं ऊन आरशांवरून स्टुडिओत आणलं. दोघं समोरासमोर गप्प उभे आहेत आणि त्यांच्यातून त्यांच्याच पुसट आकृत्या निघून एकमेकांकडे चालत जातात. हे दाखवताना कॉमेंटरी नको, लोकांना बघू द्या.

हा सिनेमा १९५९ मध्ये आपटला आणि त्यानंतर डिरेक्टर म्हणून त्याने स्वतःचं नाव दिलंच नाही. 'चौदहवीं का चाँद' एम. सादिक यांचा, तो जोरात चालला, 'साहिब बीबी और गुलाम' अब्रार अल्वींचा. 'खरा डिरेक्टर गुरुदत्तच' असं कोणीतरी म्हणेलच. श्रेयनामावलीत अल्वी आहेत, फिल्मफेअर अल्वींना मिळालं, तेच सांगा, गाण्यांवर गुरुदत्तचा हात होता हेही सांगा, आणि पुढे चला.

आता खाजगी आयुष्य. टाळू नका, टाळलं तर लोक चहाच्या वेळी तेच बोलतात आणि वाईट बोलतात. पण माझा नियम असा की ज्याची तारीख देता येते ते सांगायचं. लग्न १९५३, तीन मुलं, नवरा-बायकोत दुरावा, पाली हिलचा बंगला १९६३ ला पाडला, आधी दोनदा जीव द्यायचा प्रयत्न झाला होता. गीता नायिका असलेला 'गौरी' हा बंगाली सिनेमा अर्धवट सोडला. गीताला 'बिचारी बायको' करू नका ही हात जोडून विनंती. 'बाजी'च्या रेकॉर्डिंगला दोघं भेटले तेव्हा ती स्टार होती, १९४७ पासून 'मेरा सुंदर सपना' घराघरात होतं, आणि तो पहिलाच सिनेमा करणारा नवखा डिरेक्टर होता. तिचं स्वतःचं दुःख होतं, ती १९७२ मध्ये गेली, वय फक्त ४१, आणि तिच्यासाठी क्लिप ठेवायची तर 'साहिब बीबी'तलं 'न जाओ सैंया' ठेवा. वहिदा रेहमानबद्दल जे काही छापून आलं ते आपण व्यासपीठावरून सांगायचं कारण नाही. त्यांनी स्वतः त्या विषयावर बोलायचं टाळलंय, त्यांचं काम पडद्यावर आहे, 'प्यासा'तली गुलाबो आहे, त्यावर हवं तेवढं बोला. आणि 'कागज के फूल' म्हणजे त्याचं आत्मचरित्र असं कोणी म्हणालं तर विचारा, त्यातली बायको बड्या घरची, सिनेमावाल्यांना नाक मुरडणारी आहे, गीता कुठे तशी होती?

प्रश्नोत्तरांत एक प्रश्न नक्की येणार, आत्महत्या होती की अपघात. नक्की कोणालाच सांगता येत नाही, मुलगा अरुण तो अपघातच मानायचा, एवढं सांगा. गोळ्या किती, खोली कशी, दार कोणी उघडलं हे तपशील नकोत. समोर बसलेल्यांपैकी कोणाच्या घरात हे घडलेलं असू शकतं, कोणी आत्ता त्यातून जात असेल. 'कलावंत असेच असतात' हे वाक्य तर तोंडातून काढूच नका. तो आजारी होता, झोप उडाली होती, आणि त्या काळात मदत मागायची सोयही फारशी नव्हती, ह्यात रोमँटिक काही नाही.

तयारीसाठी अरुण खोपकरांचं 'गुरु दत्त : तीन अंकी शोकांतिका' वाचा, त्यात शॉट कसा वाचायचा ते शिकायला मिळतं, किस्से नाहीत.

वेळ कमी पडला तर माझं बोलणं कापा, म्हणजे तुमचं. मग जन्मगाव-बालपण कापा. क्लिप्समध्ये काही काढायचंच झालं तर 'प्यासा'तलं एक गाणं काढा, ती सगळ्यांनी शंभर वेळा पाहिलीत, पण 'आरपार' आणि जॉनी वॉकर ठेवा.