आगीची बनेटी: वात सुटू नये अशी काठी कशी बांधायची

तालमीतली जुनी बनेटी म्हणजे पेटवून फिरवायच्या काठीच्या दोन्ही टोकांना तारेने आवळलेले चिंध्यांचे पलिते. कापड जळतं तसं आकसतं, तार सैल पडते आणि पेटता तुकडा बघणाऱ्यांच्या अंगावर जातो. दोष फिरवणाऱ्याच्या हातात नसतो, बांधणीत असतो. १४० सेंमीची काठी सेकंदाला दोन फेऱ्या घेत असेल तर टोकावरची वस्तू आपल्या वजनाच्या साधारण दहापट जोराने बाहेर ओढली जाते. रॉकेल प्यालेली २०० ग्रॅमची वात म्हणजे टोकाला २ किलोची ओढ. ही ओढ स्क्रूंनी पेलायची आहे, गाठींनी किंवा चिकटपट्टीने नाही.

काठीला १९ मिमी बाहेरच्या व्यासाची, १.६ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची नळी घ्या. लांबी जमिनीपासून हनुवटीपर्यंत, म्हणजे बहुतेकांना १३० ते १४५ सेंमी. १४० सेंमीची नुसती नळी साधारण ३३० ग्रॅम भरते. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत अशा नळ्यांचे उरलेले तुकडे मिळू शकतात. जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप नको: तो जड तर असतोच, शिवाय जस्ताचा थर तापला की त्याचा धूर छातीत जातो. बांबू हाताला छान लागतो, पण दोन पेरांमधली कोंडलेली हवा तापली की पेर फुटतं.

वातीसाठी केव्हलारची (पॅरा-ॲरामिड, म्हणजे आगीत न वितळणारा धागा) विणलेली पट्टी लागते. १०० मिमी रुंद, ३ मिमी जाड, दर टोकाला ८० सेंमी. पिवळा रंग बघून विकत घेऊ नका, पिवळं पॉलिस्टरही तसंच दिसतं. छोटा तुकडा लायटरवर धरा. केव्हलारची कड लाल होते, काळी पडते आणि ज्योत काढली की विझते. वितळून थेंब पडला तर ते नायलॉन किंवा पॉलिस्टर. भट्टीच्या दारांना लावायच्या पट्टीला कधीकधी ग्रॅफाइट किंवा टेफ्लॉन चोपडलेलं असतं, ती रॉकेल पीत नाही. इन्सुलेशनच्या दुकानात कुणी ॲस्बेस्टॉसची दोरी पुढे केली तर स्वस्त असली तरी परत द्या, तिचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात.

पट्टी कापण्याआधी कापायच्या रेषेवर मास्किंग टेप लावा आणि टेपसकट कापा, नाहीतर कड पिंजते. केव्हलार घरच्या कात्रीची धार घालवतो. शिंप्याची मोठी कात्री किंवा लाकडी पाटावर नवं ब्लेड बरं. दोन्ही कडा २ सेंमी आत दुमडून टाके घाला.

आता नळीच्या दोन्ही टोकांत सुताराकडून घोटून घेतलेला सागाचा १५ सेंमीचा दट्ट्या घट्ट ठोका. स्क्रूला पकडायला लाकूड हवं, म्हणून तो असतो, आणि रॉकेल नळीत शिरू नये म्हणूनही. आत शिरलेलं रॉकेल काठी उलटी झाली की सरकतं आणि एखाद्या भोकातून थेट मुठीवर येतं. दट्ट्या चिकटवायला अराल्डाइट वापरलंत तरी भरवसा स्क्रूवरच ठेवा, तापल्यावर ते मऊ पडतं.

भोकं पट्टी गुंडाळण्याआधीच पाडायची. हे उलटं केलं की केव्हलारचे धागे ड्रिलच्या बिटाभोवती गुंडाळले जातात आणि अर्धी वात उसवते. टोकापासून १५, ३८, ६२ आणि ८५ मिमीवर एका सरळ रेषेत ३.२ मिमीची चार भोकं, आणि बरोबर विरुद्ध बाजूला २५ व ७५ मिमीवर दोन. या दोन भोकांत ८ नंबरचे १२ मिमीचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वॉशरसह लावून पट्टीची पहिली कड बसवा. मग पट्टी ओढत गुंडाळा. दुसऱ्या माणसाने काठी फिरवायची, पहिल्याने पट्टी ताणून धरायची. गुंडाळी साधारण ५७ मिमी व्यासाची होते, म्हणजे नळीवर १९ मिमीचा थर. शेवटची कड चार भोकांच्या रेषेवर यायला हवी. दाभणाने थरांतून खालचं भोक शोधा, धागे बाजूला सारा आणि ३२ मिमीचे चार स्क्रू रुंद वॉशरसह पिळा. याहून आखूड स्क्रू लाकडात पुरेसा शिरत नाही.

दोन्ही वाती गुंडाळण्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. नंतर काठी बोटावर तोलून जिथे स्थिरावेल तिथे खूण करा. खूण मोजलेल्या मध्यापासून १ सेंमीपेक्षा दूर असेल तर एक वात उघडून पट्टी कमी करा. मुठीसाठी मध्यावर ५० सेंमी कातडी पट्टी किंवा सुती टेप. रॅकेटच्या ग्रिप वितळतात. क्रिकेट बॅटच्या रबरी ग्रिप रॉकेलने फुगतात.

पहिली परीक्षा आगीविना. कोरडी काठी दहा मिनिटं फिरवा, कमरेच्या उंचीवरून मातीवर वीसदा टाका, स्क्रू पुन्हा पिळा. मग वाती पाण्यात बुडवून फिरवा. पाण्याचे शिंतोडे जिथवर जातात तिथवर पेटतं रॉकेलही जाऊ शकतं, प्रेक्षकांची रेघ त्याच्या पलीकडे आखा. नंतर दोन दिवस सावलीत वाळवा. ऊन केव्हलारचं बळ कमी करतं, आणि वातीत उरलेलं पाणी जळताना ठिणग्यांसारखं तडतडतं.

इंधन रॉकेलच. पेट्रोल, थिनर कधीही नाही. रॉकेललाही काही देशांत पॅराफिन म्हणतात, पण मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन वेगळं. ते सहज पेटत नाही म्हणून लोक त्यात पेट्रोल मिसळतात आणि भाजून घेतात. रॉकेलची वाफ साधारण ३५ ते ४० अंशांपासून पेटण्याजोगी होते. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा ४० गाठतो तेव्हा उघडा डबा पेट्रोलच्या जवळपास धोक्याचा, म्हणून झाकणाचा पत्र्याचा डबा आणि तो १० मीटर दूर सावलीत. बुडबुडे थांबेपर्यंत वात बुडवा, डब्यावरच निथळा, मग रिकाम्या पिंपात दोन्ही टोकं झटका. ही पायरी गाळली की पहिल्या फेरीला आगीचा फवारा उडतो.

या मापाची वात तीन ते पाच मिनिटं जळते. ज्योत बारीक होऊ लागली की ओल्या सुती टॉवेलात गुंडाळून विझवा. रॉकेल संपेपर्यंत वातीला तेच थंड ठेवतं, ते संपलं की वात स्वतः जळते. पेटवून-विझवून पुन्हा बुडवायचं असेल तर हाताला गार लागेपर्यंत थांबा.

जागा निवडताना गोदाघाटाच्या फरशीवर सांडलेलं रॉकेल निसरडं होतं हे लक्षात घ्या, आणि फेब्रुवारीनंतर पांडवलेणीच्या पायथ्याशी वाळलेलं गवत असतं, तिथे सराव नकोच. मिरवणुकीत खेळायचं असेल तर पोलीस आणि अग्निशमन दलाची परवानगी आधी. गुलाल उधळला जातो तिथे मात्र परवानगी असली तरी बनेटी पेटवू नका. स्टार्चची रंगीत पूड हवेत तरंगताना पेटते: २७ जून २०१५ रोजी तैवानच्या एका वॉटर पार्कमध्ये अशीच पूड पेटून १५ जण दगावले आणि सुमारे ५०० जण भाजले. गुलालाची पोती उघडण्याआधीचा अर्धा तास बनेटीचा. त्या वेळी झब्बा सुतीच घाला, फेट्याचा शेमला आत खोचा, आणि ओला टॉवेल घेतलेला एक माणूस फक्त तुमच्याकडेच बघत उभा ठेवा.